मिठाला वर येणारी शिंपली

"या मिठात काय कालवलंय, बाबा?"

"मीठ."

"मिठात मीठ?"

"मग मिठात दुसरं काय कालवणार, साहेब?"

विश्रामराव मुणगेकरांनी थैलीत बोट घातलं, एक खडा जिभेवर ठेवला आणि डोळे बारीक केले. खडा खारट होता. तरी त्यांचं समाधान झालं नाही, आणि होणार कसं? या माणसाचं समाधान व्हायचं म्हणजे खडा गोड लागायला हवा होता!

वजनमाप खात्यात अठ्ठावीस वर्षं निरीक्षक होते ते. तराजूच्या पारड्याखाली चिकटवलेलं शिसं, मापाच्या बुडाशी ठोकलेला दुसरा पत्रा, यातलं काहीही त्यांच्या नजरेतून सुटलं नाही. पुढे नोकरी संपली, पण नजर काही निवृत्त झाली नाही. बायको होती तोवर घरच्या दुधातही बोट बुडवून बघायचे. ती बिचारी वैतागून म्हणायची, "एकदा मलाही तोलून घ्या, म्हणजे सुटेन." ती गेली आणि विश्रामराव गुरूच्या शोधाला लागले.

पहिला गुरू मौनी निघाला. खिडकीतून डोकावून त्याला फोनवर बोलताना यांनी पकडला. दुसरा म्हणे फक्त दुधावर राहायचा; त्याच्या थर्मासात बासुंदी सापडली. तिसऱ्याकडे मात्र दोन महिने शोधूनही काही सापडेना. तेव्हा तर यांना खात्रीच पटली की हा सगळ्यात बेरकी आहे, आणि ते तिथूनही निघाले.

आता हा चौथा. लतीफबाबा. खाडीच्या तोंडाशी पिराचा हिरवा झेंडा, त्याच्या शेजारी झावळ्यांची खोपटी, आणि तिच्यात हा पिकल्या दाढीचा फकीर. कुणाकडून काही घेत नाही, ओहोटीला शिंपल्या काढतो, शिजवतो, जो येईल त्याला वाढतो. एक प्रश्न विचारा, सरळ उत्तर देतो, अशी त्याची ख्याती होती.

विश्रामरावांच्या खिशात तो एक प्रश्न होता. खिशात म्हणजे अक्षरशः खिशात. लेकीचं पत्र.

"आप्पा, रविवारी बारसं आहे. या. मृणाल."

बस, एवढंच. आणि रविवार परवावर आलेला.

पाच वर्षांपूर्वी मृणालचं लग्न ठरलं, तेव्हा विश्रामरावांनी होणाऱ्या जावयाची गुपचूप चौकशी केली होती. कचेरीत गेले, घरमालकाला भेटले, त्याच्या शाळेतल्या मास्तरांनाही गाठलं. काही म्हणजे काही निघालं नाही. पण गोष्ट फुटली. लग्न लागल्यावर मुलगी पाया पडली आणि म्हणाली, "आप्पा, तुम्ही त्यांना नाही, मला तपासलंत." त्यानंतर तिनं तोंड उघडलं नाही.

आणि आता एकदम हे पत्र! विश्रामरावांनी ते उजेडात धरून पाहिलं, पाकिटाची शिवण उकलून पाहिली. काय हवं असेल हिला? घर? दागिने? की चारचौघांत बापाला बसवून जुनं उट्टं काढायचंय? नातवंडाचं तोंड बघायला जीव तर नुसता तुटत होता, हे खोटं कशाला सांगा. पण पाय निघत नव्हता.

"बाबा, माझा प्रश्न..."

"प्रश्न कुठे पळून जातोय? ओहोटी पळेल. चला, आधी लांबड्या काढू."

लांबडी म्हणजे बोटापेक्षा लांब, अरुंद, सरळ शिंपली. कडा अशी की बेसावध धरली तर बोट कापलंच. वाळूत ती उभी राहते, हातभर खोल.

ओल्या वाळूवर बाबा पुढे आणि विश्रामराव मागे.

"हळू चाला, साहेब. तिला पाऊल कळतं."

"वाळूखाली?"

"वाळूखालीच तर कळतं."

बाबा थांबले. वाळूत एक भोक होतं, दोन भोकं एकमेकांना चिकटल्यासारखं, जुन्या कुलपाच्या किल्लीला असतं तसं. बाबांनी चिमूटभर मीठ त्यात सोडलं आणि उकिडवे बसले. ओठ हलत होते.

थोडं पाणी बुडबुडलं. मग वाळू फुगली आणि लांबडी आपली आपण चार बोटं वर आली! बाबांनी ती दोन बोटांत धरली, जरा वेळ तशीच बसून राहिले, आणि सबंध शिंपली अलगद बाहेर आली.

विश्रामरावांच्या अंगावर काटा आला. लगेच त्यांनी तो झटकला.

"मंत्र कसला म्हणालात?"

"कधी?"

"आत्ता. ओठ हलत होते तुमचे. मी पाहिलंय."

बाबांनी आ केला. आत वरच्या हिरडीवर एकुलता एक दात.

"दात गेले तसं तोंड आपलं आपण हलतं, साहेब. मी तरी काय करू?"

विश्रामरावांनी मान हलवली. पण मनातला किडा काही गप्प बसला नाही. मंत्र नाही तर मग मीठच. बाबा हात धुवायला पाण्याकडे वळले तेवढ्यात यांनी थैलीतलं मीठ रुमालात ओतून घेतलं आणि वाण्याकडून आणलेली बंद पुडी थैलीत रिकामी केली. होय, पुडी घरूनच आणली होती. तयारीचा गडी!

बाबा आले. वाण्याच्या मिठाची चिमूट भोकात गेली.

लांबडी वर आली.

विश्रामरावांनी रुमालातलं मीठ शेजारच्या भोकात टाकलं. तिथलीही वर आली.

"आलं लक्षात?" बाबांनी विचारलं.

"काय?"

"वाण्याचं मीठ जरा बारीक आहे. वाऱ्यानं उडतं."

विश्रामरावांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. पण त्यांच्यासमोर लांबडी डोकं वर काढून उभी होती, तेव्हा लाजायला सवड नव्हती. त्यांनी झडप घातली, मूठ आवळली आणि जोर लावून ओढलं.

कट्!

हातात अर्धी शिंपली आली. अर्धी आत राहिली, मांसासकट. बोटातून रक्त आलं ते वेगळंच.

"ओढलीत," बाबा म्हणाले.

"ओढल्याशिवाय येईल कशी? ती आत पळत होती!"

"पळणारच. तिचा पाय आत रुतलेला असतो. तुम्ही ओढलं की ती आणखी घट्ट धरते."

"मग करायचं काय?"

"धरायचं."

"आणि?"

"धरायचं."

दुसरी तुटली. तिसरी तुटली. चौथ्या वेळी विश्रामरावांनी चिडून सोडून दिली, आणि ती सुळकन खाली गेली ती गेलीच.

"तुम्ही काहीतरी राखून ठेवताय, बाबा. खरी युक्ती सांगत नाही आहात."

बाबांनी वर पाहिलं नाही.

"मी माणसं ओळखतो," विश्रामरावांचा आवाज चढला. "अठ्ठावीस वर्षं..."

"तुमच्या पायाजवळ भोक आहे, साहेब. बघा, तुमच्या आवाजानं पाणी उडालं."

विश्रामराव धुसफुसत खाली बसले. मीठ टाकलं. लांबडी आली. या वेळी त्यांनी दोनच बोटांत धरली, आणि ओढली नाही.

केवढा जोर होता तिच्यात! एवढीशी शिंपली, पण सारखी खाली खेचत होती. सोडावं की ओढावं, काही सुचेना. दोन्ही हातांना घाम सुटला.

"किती वेळ, बाबा?"

"ती वाळू सोडेपर्यंत."

"सोडेल कशावरून?"

बाबा पुढच्या भोकाकडे सरकले.

भरतीचं पहिलं पाणी विश्रामरावांच्या टाचांना लागलं. गुडघे भरून आले. बोटाची चीर मिठानं चरचरत होती. आणि मग, कसलाही झटका न बसता, आतला ताण गेला. लांबडी त्यांच्या बोटांत सैल झाली. सबंध वर आली, टोकाच्या पांढऱ्या मांसल पायासकट.

विश्रामराव ती उलटीपालटी करून बघत राहिले. कुठे दोरा नाही, तार नाही, काही नाही. त्यांना इतका आनंद झाला की तो लपवायला ते उगीचच खाकरले.

खोपटीशी आल्यावर बाबांनी सगळ्या लांबड्या घमेल्यातल्या समुद्राच्या पाण्यात ठेवल्या आणि वर फडकं टाकलं.

"आता?"

"आता बसायचं. पोटातली वाळू त्या स्वतः थुंकतात."

"स्वतः?" विश्रामरावांना हे कुठलं पटायला. "आणि नाही थुंकली तर?"

त्यांनी चार लांबड्या बाजूला घेतल्या, सुरीनं चिरल्या, काळी पिशवी काढली, मग खरवडलं, धुतलं, उजेडात धरलं, पुन्हा खरवडलं. अर्ध्या तासानं त्यांच्या ताटलीत चिंधी उरली, तीही मांजर हुंगून पुढे जाईल अशी. वाळूचा एक कण मात्र तरीही कुठूनसा चमकत होता.

दोन तासांनी बाबांनी फडकं काढलं. घमेल्याच्या तळाशी वाळूचा थर बसला होता. त्यांनी लांबड्या उकळत्या पाण्यात सोडल्या. टपाटप उघडल्या. बाबांनी एकेकीतून मांस सोडवलं, मधली काळी पिशवी नखानं काढली, पायाच्या टोकाला एक चीर दिली, पाण्यात खळबळलं. झालं. मग कांदा, तिखट, ओलं खोबरं. वास सुटला आणि विश्रामरावांच्या पोटानं अगदी मोठ्यानं साक्ष दिली.

एक लांबडी मिटलेलीच राहिली होती. बाबांनी ती काठावर ठेवली.

"ही का वगळली?" विश्रामराव चटकन म्हणाले. "चांगली मोठी दिसतेय."

"उघडली नाही. ती खात नाहीत."

'स्वतःसाठी ठेवली म्हातार्‍यानं,' विश्रामरावांच्या मनात आलं. त्यांनी सुरीनं ती उचकटली. अशी घाण आली की डोळ्यांत पाणी उभं राहिलं. बाबांनी निमूटपणे शिंपली घेऊन लांब भिरकावली आणि ताटली पुढे केली.

दोघं जेवले. चव अशी होती की विश्रामरावांनी दुसऱ्यांदा मागून घेतलं. एकदा दाताखाली कचकन वाजलं. त्यांनी विजयानं बाबांकडे पाहिलं.

"वाळू!"

"असेल एखादा खडा. थुंका."

विश्रामराव थुंकले आणि पुन्हा खाऊ लागले. मग हात धुऊन त्यांनी पत्र काढलं. वाचून दाखवलं. जावयाची चौकशी सांगितली, मुलीचं बोलणं सांगितलं. सांगताना आवाज फुटला, तर त्यांनी तिखटावर ढकललं.

"पाच वर्षांत तिच्याकडून काहीच नाही?" बाबांनी विचारलं.

"एक शब्द नाही."

"काहीच नाही?"

"...दिवाळीला डबा येतो."

"कसला?"

"फराळाचा. चिठ्ठी नाही, निरोप नाही. नुसता डबा."

"खाता?"

"छे! शेजारी परुळेकरांकडे देतो. कशासाठी पाठवते ते कळल्याशिवाय खायचं कसं?"

"पुढच्या दिवाळीला?"

"पुन्हा येतो."

"त्याच्या पुढच्या?"

"...येतो."

बाबांनी हात लांब केला आणि विश्रामरावांचं मनगट दोन बोटांत धरलं. विश्रामराव दचकले. त्यांनी हात मागे घेतला, तर बाबांचा हात त्यांच्याबरोबर मागे गेला. आणखी मागे घेतला. तोही आला. दाबलं नाही, खेचलं नाही, सोडलंही नाही.

"हे काय, बाबा? सोडा की."

"मी कुठे ओढतोय?"

विश्रामराव थांबले...

खाडीत पाणी चढत होतं. झेंड्याची काठी करकरली. मनगटावर बोटं तशीच होती, म्हातारी, खरखरीत, गरम.

"पण तिला माझ्याकडून हवंय तरी काय?" विश्रामरावांचा आवाज आता निरीक्षकाचा राहिला नव्हता. "तेवढं कळलं तर आजच निघतो. खरंच निघतो. बाबा, ती कशाला बोलावतेय मला?"

लतीफबाबांनी इतक्या वेळात पहिल्यांदाच त्यांना एकेरी हाक मारली.

"तिनं धरलंय, विश्राम. तू वाळू सोड."