धामणटेकचा राखीव तुकडा

घाट उतरून धामणटेकात शिरले की डाव्या हाताला शिंगाऱ्यांची बेकरी लागते आणि तिच्यासमोर एक दगडी कट्टा. बेकरीत तीन तऱ्हेचे पिझ्झे मिळतात: खानदेशी भरताचा, कोल्हापुरी तांबड्या रश्श्याचा आणि नागपुरी सावजी मसाल्याचा. पाहुणा कोणताही घेवो, डबा उघडला की त्यात एक तुकडा कमी असतो. पाहुणा आधी डब्याखाली बघतो, मग सोबतच्या माणसाकडे संशयाने बघतो आणि शेवटी तावातावाने गल्ल्याकडे येतो. गल्ल्यावरची बाई समोरच्या कट्ट्याकडे बोट दाखवते आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळते. अशा रागावलेल्या माणसाला कट्ट्यावर बसवून त्याची समजूत घालायचे काम गावातल्या म्हाताऱ्यांकडे आहे. ते जे सांगतात ते असे.

फार जुनी गोष्ट आहे म्हणे. गावात मोबाईलचा टॉवर यायचा होता आणि पिझ्झा कुणी ऐकलासुद्धा नव्हता. बेकरी दाजीबा शिंगाऱ्यांची. भट्टी त्यांनी स्वतःच्या हाताने विटा रचून बांधलेली. तिच्यावर पाव, खारी आणि टोस्ट निघत आणि घर चाले. दाजीबांना तीन मुलगे. सुना आणताना त्यांनी पत्रिका पाहिल्या, नकाशा पाहिला नाही. थोरली कुमुद खानदेशातली, मधली हौसा कोल्हापूरकडची आणि धाकटी शकुन नागपूरची. तिघींचा हात तिखट आणि जीभ त्याहून. दाजीबा स्वतः मात्र तिखटाला भिणारे. मऊ भात, वर तूप आणि चिमूटभर मेतकूट, यावर त्यांचा सगळा जन्म गेलेला.

एकदा घाटात ट्रक आडवा झाला आणि शहरातल्या सहलीची बस गावात अडकली. पावाचे घमेले रिकामे झाले, तरी लोक भुकेलेच. त्यातल्या एका बाईंनी कुमुदला विचारले, "पिझ्झा मिळेल का हो?"

"मिळीन ना. कायले नही मिळनार?" कुमुद म्हणाली. पिझ्झा हा पदार्थ आहे की औषध, हे तिला ठाऊक नव्हते. पण आलेल्या गिऱ्हाइकाला नाही म्हणायची त्या घराची रीत नव्हती. बाईंनी ओट्यावर सांडलेल्या मैद्यात बोटाने गोल काढून दाखवला. खाली पाव, वर भाजी, त्याच्यावर चीज. चीज बसमधल्या लोकांनी आपल्या डब्यांतले काढून दिले. मग तिघी जावा कामाला लागल्या आणि प्रत्येकीने आपापले माहेर त्या गोलावर थापले. बस तृप्त झाली. निघताना त्या बाईंनी खिडकीतून सहज विचारले, "पण यातला बेस्ट कुठला म्हणायचा?"

आणि बस निघून गेली. प्रश्न मागे राहिला.

"ह्यात इचारायचं काय?" हौसाने पदर खोचला. "वांग्याचा चिखल थापला म्हंजी पिझ्झा हुतोय व्हय?"

"आन् तुह्या रश्श्यात पाव बुडून मेला, त्याचं काय?" कुमुद उसळली.

"भांडा तुम्ही दोघी," शकुन म्हणाली. "लोकायनं बोटं कोनाच्या पिझ्झ्याची चाटली, ते मी पाह्यलं ना."

भांडण पिझ्झ्यावरून माहेरावर गेले, माहेरावरून भट्टीवर आले आणि भट्टीवरून वाटणीवर. मुलगेही आपापल्या बायकोच्या मागे उभे राहिले. घराची वाटणी होईल, पिठाच्या पोत्यांची होईल. भट्टीची कशी करणार? शेवटी असे ठरले की दाजीबांनी तिन्ही पिझ्झे खाऊन निकाल द्यायचा. जिचा चांगला, तिची भट्टी. बाकी दोघींनी आपापल्या नवऱ्यांना घेऊन गाव सोडायचे.

दुसऱ्या दिवशी दाजीबांना कट्ट्यावर बसवले. तिन्ही पिझ्झ्यांचा एकेक तुकडा त्यांनी खाल्ला. कान लाल झाले, नाक वाहू लागले. तिघी समोर उभ्या होत्या आणि मुलगे दाराशी. दाजीबांनी तोंड उघडले, पण बोलता बोलता त्यांची नजर मुलांच्या ओळीने असलेल्या तीन खोल्यांकडे गेली. आपण एक नाव घेतले की यातल्या दोन खोल्यांना कुलूप लागणार. म्हातारपणी ते कुलूप बघत बसायचे, या विचाराने त्यांना जेवढी भीती वाटली तेवढी कशाचीच कधी वाटली नव्हती.

"एका घासात न्याय होत नाही," ते म्हणाले. "उद्या पुन्हा."

उद्या भट्टी जास्त तापली होती. परवा वांगी जून होती. तेरवा त्यांची जीभच भाजली होती. दाजीबा वेळ काढतात, हे सुनांच्या लक्षात आले आणि पुन्हा आरडाओरडा सुरू झाला. तेव्हा दाजीबा तडक टेकडीवर टेकाईच्या देवळात गेले आणि साऱ्या गावासमोर बोलले, "आई, निकाल मनात पक्का होईपर्यंत संध्याकाळी या तीन तुकड्यांशिवाय दुसरं अन्न खाणार नाही." देवीपुढे शब्द दिलेल्या माणसाला घाई करायची सोय नव्हती. सुना भट्टीकडे परतल्या.

एव्हाना घाटातले प्रवासी थांबून पिझ्झे विकत घेऊ लागले होते. आता निकालासाठी कुणी खास पिझ्झा करून आणला तर ती लबाडी झाली असती. म्हणून असा नियम झाला की विकायच्या पिझ्झ्यातलाच तुकडा काढायचा. कुणाचा काढला नि कुणाचा नाही, अशी कुरकूर नको, म्हणून सगळ्यांचाच काढायचा. उरतील ते तुकडे वाटसरूंना. गिऱ्हाइके आधी चिडली, मग सरावली.

दाजीबांचे हाल मात्र कुत्रा खाईना. रोज संध्याकाळी तीन तुकडे आणि मग रात्रभर ओवा चावत येरझाऱ्या. पित्त खवळे, डोळ्यांची आग होई. पण सकाळी तिन्ही खोल्यांची दारे उघडलेली दिसत आणि ते संध्याकाळसाठी पुन्हा कंबर कसत.

असे काही महिने गेले आणि टेकाईने चमत्कार केला, असे सांगतात. तुकड्यांतले तिखट हळूहळू नाहीसे झाले. आधी कान लाल व्हायचे थांबले, मग पित्त बसले. पाव मऊ लागू लागला, कधीकधी तर मेतकुटाचा वास आल्यासारखे वाटे. दाजीबांनी देवीला नारळ फोडला. आईने माझ्या वाटचे तिखट ओढून घेतले, असे ते ज्याला त्याला सांगत, आणि पित्ताचे रोगी लांबून देवळात येऊ लागले.

वर्षे गेली. मग एकदा दाजीबांना ताप भरला आणि संध्याकाळी त्यांना कट्ट्यापर्यंत जाववेना. ते खाटेवर डोळे मिटून पडले होते. एका दाराने कुमुद ताटली घेऊन आली. दुसऱ्या दाराने हौसा आली. शकुन मागच्या दाराने आली. एरवी तुकडे कट्ट्यावर झाकून येत आणि दाजीबा ते अंधारात एकटेच खात. त्यामुळे एकमेकींच्या ताटल्या तिघींनी आजवर पाहिल्या नव्हत्या. आता पाहिल्या. तिन्ही ताटल्यांत एकच पदार्थ होता: मऊ पाव, वर तूप आणि तुपावर मेतकूट.

हौसाने शकुनच्या ताटलीतले मेतकूट बोटाने चाखून पाहिले.

"म्हंजी तू बी?" हौसाने विचारले.

"मंग काय मारू त्यायले?" शकुन म्हणाली. "रातभर येरझाऱ्या घालताना ऐकू येत होतं मले."

कुमुद नुसतीच डोळ्याला पदर लावून उभी राहिली. प्रत्येकीला वाटत होते की नियम आपण एकटीच मोडतो आहोत. पिझ्झा लावताना तेवढ्या एका तुकड्यापुरते तिखट टाकायचे नाही, हे तिघींनी एकमेकींना चोरून वर्षानुवर्षे केले होते.

मग हौसालाच राहवले नाही. "मामंजी, आता देवीची आण हाय. खरं सांगा, कुणाचा चांगला?"

दाजीबांनी डोळे उघडले. इतक्या वर्षांचा आपला चमत्कार त्यांनी तिन्ही ताटल्यांत पाहिला. मग त्यांच्या काहीतरी ध्यानात आले आणि तापातही तोंडावर हसू आले.

"मी तुमचा पिझ्झा खाल्लाच कुठे, पोरींनो? निकाल कसा देऊ? उद्यापासून खरा आणा."

"खरा तुमाले सोसनार नही, मामंजी," कुमुद म्हणाली.

"आन् खाल्ल्याबिगर निकाल न्हाई," हौसा म्हणाली.

"मंग राहू द्या निकाल," शकुन म्हणाली, आणि तिघी खाटेच्या कडेला बसल्या. दाजीबांनी आ केला. पहिला घास कुणी भरवला, यावर तिघींचे नंतर कधीच एकमत झाले नाही.

पुढे दाजीबा गेले, कालांतराने जावाही गेल्या. मध्यंतरी एका सरपंचांनी निकाल द्यायची तयारी दाखवली होती, तेव्हा नातसुनांनी त्यांना बेकरीच्या पायरीवरूनच परत पाठवले. आजही प्रत्येक पिझ्झ्यातला एक तुकडा बिनतिखटाचा होतो, वर मेतकूट पडते आणि तो काढून कट्ट्यावर झाकून ठेवतात. ज्याला तिखट सोसत नाही त्याने तो खावा. फक्त कुठला चांगला, हे बोलू नये. आजही शिंगाऱ्यांच्या घरात अधूनमधून भांडण पेटते, भांडी आपटतात, वाटणीचा विषय निघतो. मग कुणीतरी म्हणते की वाटणी करू, पण आधी निकाल लागू दे, आणि सगळे जेवायला बसतात.