नकाशात नसलेली अकरा घरं

धरणाच्या पाण्यात गाव बुडून बत्तीस वर्षं झाली, तरी तुळाजी भोई रोज सकाळी होडी घेऊन गावावर जायचा आणि पाटी भरून मासे आणायचा. निवृत्त इंजिनीअर देवस्थळी साहेब मात्र परदेशी गळ घेऊन तीन दिवस रिकाम्या हातांनी परतले होते. चौथ्या दिवशी त्यांनी आपली होडी तुळाजीच्या होडीला भिडवली.

“पडक्या भिंतींच्या आडोशाला मासा राहतो, हे मलाही कळतं. गावाची पाहणी मीच केली होती. नकाशातल्या चाळीसही घरांवर गळ टाकून झाला. तुला कुठे मिळतो?”

“त्या चाळिसांवर सगळेच टाकतात, साहेब. मी भोईवाड्यावर टाकतो. अकरा घरं होती आमची.”

साहेबांनी नकाशा उलगडला. “यात भोईवाडा नाहीच.”

“कसा असेल? तुम्ही देवळाच्या पारावर बसून घरं लिहून घेतलीत. खाली नदीकडे आलाच नाहीत.”

“बरं, आता दाखव,” म्हणत साहेबांनी पेन्सिल काढली.

“ही पेन्सिल तेव्हा काढायची होती,” तुळाजी म्हणाला.

साहेबांची होडी काठाला लागेपर्यंत तो थांबला. मग आईची चूल होती, तिथे त्याने अलगद गळ सोडला.