अस्वलाचा पाय आणि दरीवरचा पूल

डोंगरातल्या एका जंगलात एक हरिणी राहत असे, आणि तिला रोज भीती वाटत असे. चरायचं कुरण दरीच्या अलीकडे आणि झरा पलीकडे. मधे पूल. पूल म्हणजे काय, तर लांबलचक ओंडके शेजारी शेजारी टाकलेले. हरणं, ससे, कोल्हे यांना पाण्यावर जाता यावं एवढ्यासाठी. पुढे हत्ती त्याच पुलावरून लाकूड वाहू लागले. आधी लहान हत्ती येत, सोंडेत एकेक ओंडका घेऊन. मग एक धिप्पाड हत्ती आला. तो म्हणाला, "चौघांचं ओझं मी एकटा नेतो. फेऱ्या कमी, पुलाला त्रास कमी." जंगलाचा कारभार एक म्हातारं अस्वल आणि एक म्हातारा वानर बघत. त्यांना हे म्हणणं पटलं. हत्तीने सोबत आणलेली केळी त्याहून जास्त पटली. पोरांनो, केस पिकले की अक्कल येते असं तुम्हाला कोणी सांगितलं असेल, तर पुढचं नीट वाचा.

हत्ती पुलावर चढला की ओंडके खाली वाकत. पूर्वी तो उतरल्यावर ते परत वर येत. आता येईनात. हरिणीने हे पाहिलं, कारण हत्तीच्या मागून पाडसाला घेऊन तिलाच जावं लागे. त्यात जंगलाचा जुना नियम असा, की ज्याच्या पायाखाली पूल मोडेल त्यानेच तो बांधून द्यायचा. हत्तीच्या पायाखाली पूल मोडत नव्हता. तो फक्त दर फेरीला आतून थोडा थोडा मरत होता. हत्ती पलीकडे गेला की अलीकडे लहान जनावरं "तू हो पुढे" म्हणत एकमेकांच्या मागे दडत. तहान अगदीच आवरेनाशी झाली की एखादा ससा श्वास रोखून निघे. मधेच पायाखाली कर्र वाजलं की तो जागीच थिजे. पुढे जाववत नसे आणि मागेही फिरवत नसे.

हरिणी कारभाऱ्यांकडे गेली. ओझं कमी करायला सांगा, एवढंच तिचं मागणं होतं. वानर केळं सोलत हसला. "अगं, तुझे पाय काड्यांसारखे. ते लटपटतात आणि तुला वाटतं पूल हलतो." अस्वल मात्र उठलं. पुलाबद्दल शंका आली की सर्वांत वडीलधाऱ्याने त्यावर पाय आपटून बघायचा, अशी तिथली रीत होती. अस्वल पुलाच्या टोकाशी गेलं. तिथे ओंडके खडकावर टेकलेले होते. त्याने धप्पकन पाय आपटला आणि ते म्हणालं, "ठणठणीत आहे. माझ्या आजोबांनी टाकलाय." सगळ्यांनी माना डोलावल्या. भेगांमध्ये ओली माती भरून वरून सारवून घेतलं. भेगा दिसेनाशा झाल्या, म्हणजे कारभाऱ्यांच्या दृष्टीने बुजल्या.

एका दुपारी हत्ती पाठीवर सहा ओंडके लादून गेला आणि रिकामा परत आला. पाडसाच्या घशाला कोरड पडली होती. हरिणीने त्याला काठावर थांबवलं. एकेक पाऊल चाचपत ती स्वतः आधी गेली, पलीकडे पोचली, वळली आणि मग तिने हाक मारली. पाडस शहाण्यासारखं हळूहळू आलं. मधोमध आलं. ओळखीचं कर्र वाजलंच नाही. एकदम मोठा कडकडाट झाला, आणि पाडस होतं तिथे नुसती दरी दिसली.

अस्वल आणि वानर अलीकडच्या काठावर आले. तिथूनच ओरडून त्यांनी निवाडा सांगितला. पाडसाच्या पायाखाली मोडला, पाडस उरलं नाही, तेव्हा त्याच्या आईने बांधून द्यावा. कडेचे दोन ओंडके कसेबसे शाबूत होते. त्यांच्या आधाराने हरिणीने आणि सशा-कोल्ह्यांनी पडकी झाडं ओढून आणून पूल पुन्हा घातला. हरिणीचे खांदे सोलून निघाले तरी ती थांबली नाही. हत्तीने आपल्यातला एकही ओंडका दिला नाही. नियमात नव्हतं.

पूल झाला. हत्ती मागे तयारच होता, पाठीवर सहा ओंडके. रीतीप्रमाणे अस्वल टोकाशी गेलं आणि त्याने पाय उचलला.

"आजोबा, थांबा," हरिणी म्हणाली. "तिथे खाली खडक आहे. आधी हत्ती जाऊ द्या. मग त्याच्या मागून या, आणि मधोमध उभं राहून आपटा. माझं पाडस उभं होतं तिथे."

वानर झाडाच्या शेंड्याकडे बघू लागला. अस्वलाने एकदा हत्तीच्या पाठीकडे पाहिलं, एकदा खाली दरीत पाहिलं. त्याचा उचललेला पाय लटपटत होता, अगदी काडीसारखा. मग तो पाय हळूच मागे घेऊन अस्वल हत्तीला म्हणालं, "ओझं जरा कमी करून आणता येईल का?"

तात्पर्य : जड पावलं पूल झिजवतात आणि मोडल्याचा दोष हलक्या पावलावर येतो, म्हणून कोणी वडीलधारा 'भक्कम आहे' म्हणाला, की आधी त्यालाच त्यावरून मधोमध चालायला सांगावं, आणि हे आपलं कोणी पडायच्या आत सांगावं.