न थांबणारी गाडी

गुलाबरावानं पिकअपला रांजणाएवढी डिझेलची टाकी बसवली आणि येसबाच्या पोटात दुखायला लागलं. त्याच्या पिकअपची टाकी बारकी. आता वऱ्हाडाचं भाडंही जाणार!

पारावर वऱ्हाडी जमले. गुलाबराव मिशीला पीळ देत म्हणाला, "माझी गाडी सुटली की थेट सोलापूरच्या मांडवात. मधी कुठल्या पंपावर थांबायचं नाव नाही!"

म्हाताऱ्यांनी कौतुकानं माना डोलावल्या. येसबा आतून जळत होता, पण आवाज गुळासारखा. "गुलाबराव, गाडीची टाकी वाढवलीत, झकास केलंत. पण या आत्याबायांच्या टाक्या कधी वाढवताय?"

पारावर एकच हशा पिकला. एक म्हातारी लुगडं सावरत उठली.

"येसबा, तू पंपावर थांबतोस ना रे?"

"दर पंपावर, आत्या!"

ती येसबाच्या गाडीत पहिली चढली. ती गुलाबरावाची आई होती.