केशू गुरवाचा दोर

डोंगराच्या कुशीतल्या मोरदरी गावात लिंबगिरी महाराजांचा तेव्हा मुक्काम होता. गावच्या महादेवाला रोज सकाळी विहिरीचे पाणी घालण्याची सेवा केशू गुरवाच्या घराण्याकडे होती. पण देवीच्या रोगाच्या साथीत केशूचे डोळे गेले आणि गावाने ती सेवा काढून घेतली. गाव काही निर्दय नव्हते हो! सात घरांनी त्याला जेवायला सात वार लावून दिले होते. केशू वेळेवर जेवायचा आणि दिवसभर देवळाच्या ओट्यावर नुसता बसून राहायचा.

महाराजांनी त्याला विचारले, "केशू, तुला काय हवं रे?"

आजवर हे कोणी विचारलेच नव्हते. केशूने हात जोडले. "म्हाराज, देवाला माझ्या हातचं पानी जावं, येवढंच."

"मग महाराजांकडे डोळेच माग की," देवळाचे वहिवाटदार अंताजीपंत इनामदार हसले.

महाराज म्हणाले, "त्याने डोळे मागितले नाहीत, पंत. सेवा मागितली." आणि त्यांनी स्वतः काथ्याचा दोर वळून देवळापासून विहिरीपर्यंत खुंटांना बांधला. दुसऱ्या दिवसापासून केशू दोराच्या आधाराने घागर आणू लागला.

पंतांच्या पोटात दुखू लागले. "गाव पोसतंय ना? मग बसून खावं. हा विहिरीत पडला तर पातक कोणाला?" श्रावणातल्या एका सकाळी त्यांनी विहिरीजवळ कोयत्याने दोर तोडला. तेवढ्यात धुके उतरले. परत फिरलेले पंत वाट चुकून कड्याकडे गेले, पाय घसरला आणि करवंदीच्या जाळीला धरून ते दरीवर लोंबकळत हाका मारू लागले.

हाक ऐकून केशू दोर धरून निघाला. दोर विहिरीशी संपायचा, पण आज तो पुढे जातच राहिला. केशूला नवल वाटले, तरी त्याने हात सोडला नाही. धुक्यात चालायची भीती त्याला कसली? दोर थेट कड्यावर पोचला. केशूने पंतांचे मनगट पकडले आणि त्यांना वर ओढले.

धुके विरल्यावर गावाने पाहिले, तर दोर विहिरीशी तुटून पडलेला. कड्याकडे काथ्याचा धागाही नव्हता. धन्य ती गुरुमाउली!

पंत महाराजांच्या पायांवर कोसळले. महाराज प्रेमाने म्हणाले, "माझ्याकडे काय येता? तो बघा, तिथे उभा आहे."

पंतांनी केशूपुढे डोके टेकले. "केशवा, चुकलो. मी काय करू, तूच सांग."

"पंत, दोर जोडून द्या," केशू म्हणाला. "अन् गाठ बारीक मारा, हाताला खुपते."

पंत विहिरीशी मांडी घालून बसले. पहिली गाठ जाड झाली. ती सोडून त्यांनी पुन्हा मारली.