कातीला रंग नसतो

सागाच्या एका विरळ रानात, ओढ्याच्या अलीकडे, एक तस्कर साप राहत असे. मुलांनो, तस्कर म्हणजे बिनविषारी साप. तो उंदीर खातो, ऊन खातो आणि कोणाच्या वाटेला जात नाही. अंगाने हा तस्कर त्याच्या जातीतल्या बहुतेकांसारखा तपकिरी होता, वाळलेल्या पानासारखा. त्याची बायको मात्र केशरी होती. तसा रंग त्या रानात दुसऱ्या कोणाचा नव्हता. सकाळी ती बिळासमोरच्या काळ्या कातळावर ऊन खात पडे, तेव्हा पळसाचे फूल गळून पडल्यासारखी दिसे. तस्कर शिकारीहून परतताना तिला फार दुरून पाही आणि त्याच्या मनात येई, आलो घरी. एके दिवशी चैत्रात तो परतला, तेव्हा कातळ रिकामा होता. सर्पगरुडाने तिला उचलून नेले होते.

बिळात तिची एक कात राहिली होती. तस्कराने ती मुळीच्या आडोशाला नीट ठेवली. तो रोज ती पाही. तिच्यावर खवल्यांची नक्षी होती, डोळ्यांच्या जागी दोन गोल काचा होत्या, सगळे होते. रंग तेवढा नव्हता. कातीला रंग नसतोच. आणि तस्कराला नेमका तो रंगच हवा होता. असे एक वर्ष गेले. मग त्याने ठरवले की पुन्हा लग्न करायचे, आणि असे करायचे की एक तरी पिलू केशरी होईल.

त्या रानात सोयरिकी जुळवायचे काम सरड्याकडे होते. सापांची जुनी रीत अशी, की मुलामुलीची कात एकमेकांना दाखवायची. कात डोक्यापासून शेपटीच्या टोकापर्यंत अखंड निघाली असेल आणि डोळ्यांवरच्या काचाही तिच्याबरोबर आल्या असतील, तर साप निरोगी. त्यापलीकडे कोणी काही विचारत नसे. सरड्याने वारुळाजवळच्या एका तस्करणीची कात तोंडात धरून आणली आणि तस्करापुढे पसरली.

"पाहा तस्करराव, कुठे टाचणीएवढं भोक नाही."

"रंग कोणता?" तस्कराने विचारले.

"आता रंग म्हणाल तर तुमच्यासारखाच. तपकिरी."

"मी तपकिरी, ती तपकिरी. मग पिलं केशरी कुठून होणार? घेऊन जा ती कात."

सरड्याने कात गुंडाळली. "केशरी तर आता या रानात कोणी उरली नाही. पण ओढ्यापलीकडे एक पांढरी आहे. दुधासारखी पांढरी, डोळे गुंजेसारखे लाल. तुमच्या तपकिरीत तिचा पांढरा मिसळला, की झालंच केशरी."

"नक्की?"

"अहो, मी सकाळी तपकिरी असतो, उन्हात पिवळा होतो आणि भांडणात लाल. रंगातलं मला कोणी शिकवू नये."

मुलांनो, पिलांचे रंग असे पाण्यात कालवून होत नाहीत. पण ज्याला एखादी गोष्ट फार हवी असते, तो सांगणाऱ्याला दुसरा प्रश्न विचारत नाही. तस्कराने पांढरीची कातही मागितली नाही. लग्न झाले.

पांढरी शांत स्वभावाची होती. दिवसभर ती दगडाखाली असे आणि सूर्य डोंगराआड गेल्यावरच बाहेर येई. मुळीच्या आडोशाला ठेवलेली कात तिने पहिल्याच दिवशी पाहिली. कोणाची, हे तिने विचारले नाही. त्या कातीला आपल्या शेपटीचा धक्का लागू नये, एवढी काळजी मात्र ती घेई. पुढे तिने कुजलेल्या ओंडक्याच्या ढोलीत आठ अंडी घातली आणि दोन महिने त्यांच्याभोवती वेटोळे घालून राहिली. तस्कर रोज येऊन अंडी पाहून जाई.

अंडी फुटली. पहिले पिलू बाहेर आले, ते तपकिरी. दुसरे तपकिरी. तस्कर आठव्यापर्यंत थांबला. आठवेही तपकिरी निघाले, तेव्हा तो वळला आणि काळ्या कातळाजवळच्या कपारीत जाऊन बसला. वाटेत त्याला सरडा भेटला.

"तू केशरी म्हणाला होतास."

सरडा झाडाच्या दुसऱ्या बाजूला सरकला. "मी सोयरीक जुळवतो, तस्करराव. पिलं रंगवायचं काम माझं नाही."

दहा दिवस तस्कर पिलांकडे फिरकला नाही. अकराव्या दिवशी सकाळी त्या कपारीपाशी म्हातारी घोरपड ऊन खायला आली. तिने त्या रानातल्या सापांच्या चार पिढ्या पाहिल्या होत्या आणि ती कोणाचे काही विसरत नसे.

"आठ पिलं झाली म्हणे," ती म्हणाली.

"झाली. आठही तपकिरी. मावशी, पांढरा रंग गेला कुठे?"

"आहे की, त्यांच्या पोटात. तो रंग भिडस्त असतो, बाबा. एकट्या आईकडून आला तर आत दडून राहतो. आई आणि बाप, दोघांकडून आला तरच बाहेर पडतो. केशरीचंही तसंच. तुझ्या पहिल्या बायकोचे आईबाप मला चांगले आठवतात. दोघंही तपकिरी होते."

तस्कराने मान वर केली. "दोघंही?"

"दोघंही. वारुळाजवळच्या त्या पोरीच्या पोटात काय दडलं होतं, कोणाला ठाऊक. आणि तुझ्याही."

तस्कर यावर काही बोलणार, तोच घोरपड दगडाला चिकटून निश्चल झाली. कपारीवरून एक सावली सरकत गेली. सर्पगरुड समोरच्या ऐनाच्या झाडाच्या वाळक्या फांदीवर येऊन बसला. फांदीखाली ओंडक्यापुढची मोकळी जागा होती, आणि दिवसाच्या त्या वेळी पिले तिथेच ऊन खायला बाहेर आलेली असत.

तस्कर कपारीतून अर्धा बाहेर आला. आपण बाहेर आलो आहोत, हे त्याच्या ध्यानातही आले नाही. तो पिले शोधू लागला. समोर वाळलेला पाला होता, काटक्या होत्या, मध्येच उन्हाचे कवडसे होते. पिले त्याला दिसेनात. एक, दोन, असे मोजावे तर एकही सापडेना. वर गरुड मान तिरकी करून तोच पाला पाहत होता. त्याने एका बाजूने पाहिले, दुसऱ्या बाजूने पाहिले. एकदा पंख किंचित उघडले आणि पुन्हा मिटले. मग तो उडाला आणि ओढ्याच्या दिशेने निघून गेला.

बऱ्याच वेळाने एक वाळके पान हलले. ते पान नव्हते. मग त्याच्या शेजारी दुसरे हलले.

"गरुडाला दिसली नाहीत," तस्कर म्हणाला.

"तुला तरी कुठे दिसली?" घोरपड म्हणाली. मग तिने विचारले, "ती या कातळावर असायची, तेव्हा तुला कुठून दिसायची?"

"पार त्या मोहाच्या झाडापासून."

"मग गरुडालाही तिथून दिसत असणार."

तस्कर कातळाकडे पाहत राहिला.

"मला हे कोणी सांगितलं नाही," तो म्हणाला.

"ज्याचं माणूस गेलं आहे, त्याला असं सांगत नाहीत. तू केशरी पिलू मागत हिंडलास, तेव्हा मात्र मी सांगायला हवं होतं. ती माझी चूक."

दिवस मावळल्यावर तस्कर ओंडक्याकडे परतला. पांढरी नुकतीच दगडाखालून बाहेर आली होती.

"सकाळी गरुड आला होता," तो म्हणाला.

"माहीत आहे. सावली मलाही दिसली."

"पिलं तिथंच होती, तरी तो तसाच गेला."

"पाहिली असती तर गेला नसता," पांढरी म्हणाली. "आम्ही बारा भावंडं होतो. आईबाप दोघंही तपकिरी, तरी बारांत तिघं पांढरी निघालो. एका महिन्याच्या आत तिघांतली मी एकटी राहिले. म्हणून मी सरडेभावजींना सांगितलं होतं, नवरा तपकिरीच पाहा. ज्याच्या घरात कोणी पांढरं झालेलं नाही, असा पाहा. तुम्हाला ते बोलले नाहीत का?"

"नाही," तस्कर म्हणाला. "तो मला दुसरंच काही सांगत होता."

"मला वाटलं, तुम्हालाही हेच हवं होतं."

त्या दिवसापासून तस्कर ओंडक्यापाशीच राहू लागला. सूर्य वर असेपर्यंत पांढरी दगडाखाली असे, तेवढा वेळ पिलांवर नजर ठेवायचे काम त्याने आपल्याकडे घेतले. ते सोपे नव्हते. ती दिसतच नसत. एकेकाची हालचाल ओळखून त्याला मोजावे लागे.

दोन-तीन दिवसांत पिलांनी आपली पहिली कात टाकली. वीतभर लांबीच्या, कांद्याच्या पापुद्र्यासारख्या आठ काती पाल्यात इकडेतिकडे पडल्या होत्या. तस्कराने त्या एकेक करून गोळा केल्या आणि बिळात नेऊन मुळीच्या आडोशाला, त्या जुन्या कातीशेजारी ओळीने ठेवल्या. तिथे नऊ काती झाल्या. त्यांतली केशरी अंगावरची कोणती आणि तपकिरी अंगांवरच्या कोणत्या, हे लांबीवरूनच काय ते कळत होते. तो खाली वाकून एकेक कात डोक्यापासून शेपटीपर्यंत पाहू लागला.

पांढरी बिळाच्या तोंडाशी येऊन थांबली. "काय पाहताय?"

"डोळ्यांच्या काचा," तो म्हणाला. "आहेत. आठही जणांच्या आहेत."

तात्पर्य : गेलेल्याचा रंग आलेल्यांत शोधू नये, आलेले धडधाकट आहेत ना, एवढे पाहावे आणि त्यांच्यापाशी राहावे.