उधाणाची खूण

एकदा एक म्हातारा खाडीकाठी मीठ पिकवीत असे. त्याच्या आगराला बाहेरून मातीचा मोठा बांध होता, बांधाच्या आत एक खोल तळं आणि तळ्यापलीकडे मिठाचे वाफे. बांधात वर-खाली सरकणाऱ्या जाड फळीचं एक दार होतं. त्याला उघाडी म्हणत.

म्हाताऱ्याकडे एकवीस वर्षांची एक मुलगी मिठाचं काम शिकायला राहिली होती. हात मोठा चलाख, पण मन काही आवरेना. सकाळी गात गात फावडं उचलायची, आणि दुपारी कुणी सहज एक शब्द बोललं की डोळे भरून यायचे. कधी राग असा चढे की तिला स्वतःचंच भय वाटे. शेवटी तिने ठरवलं, हसायचं नाही, रडायचं नाही, सगळं आत घट्ट मिटून ठेवायचं.

चैत्रातली अमावास्या आली. उधाणाचा दिवस. वाफ्यांत मीठ नुकतं धरू लागलेलं. म्हातारा सकाळी गावात निघाला, जाताना म्हणाला, "बाय, उघाडीकडे बघ हो."

तिने बघितलं ते असं, की फळी पाडली, खिळे ठोकले, वरून चिखल लिंपला. आतलं तळं कोरडं ठणठणीत. कोरडं तेवढं सुरक्षित, असं तिला वाटलं.

भर दुपारी पाणी चढलं. बांधाला आतून घाम फुटावा तसे पाझर फुटले. ती चिखल थापू लागली. तोही वाहून जाऊ लागला, तेव्हा पाठ लावून उभी राहिली. तेवढ्यात म्हातारा परतला.

"आबा, चिखल आणा! बांध चालला!"

म्हाताऱ्याने पहार आणली, खिळे उपटले आणि फळी वर ओढली.

"वेड लागलं का तुम्हाला? सगळं मीठ जाईल!"

"आधी तू बाजूला हो. पाय सांभाळ."

पाणी गर्जत आत शिरलं. तिने डोळे मिटले. हळूहळू गर्जना मंदावली, मग थांबली. डोळे उघडून पाहते तर तळं काठोकाठ भरलेलं, बाहेर खाडी तितकीच उंच, आणि दोन्ही पाण्यांच्या मधोमध तो बांध, आता बारीकसा दिसणारा, निश्चल उभा. दोन्हीकडे आभाळ उतरलेलं. पलीकडे वाफे तसेच पांढरे. एवढं मोठं पाणी इतकं शांत तिने कधी पाहिलं नव्हतं. तिचे हात आपोआप जोडले गेले.

"पाणी आत आलं," ती पुटपुटली, "तरी बांध उभा?"

"आत आलं म्हणूनच उभा. मघाशी बाहेरचं एकटंच ढकलत होतं; आता आतलं बांधाला टेकू देतंय. हे तळं त्यासाठीच खणलंय, बाय. मनातही अशी एक जागा राखावी. भरून येईल ते तिथे येऊ द्यावं, वाफ्यांत नाही. आणि मीठ तरी कशाचं होतं? ह्याच पाण्याचं ना?"

"तुम्हाला बोलायला काय जातं? तुम्हाला कधी उधाण येतच नाही."

म्हातारा हसला. उघाडीच्या खांबावर कोयत्याने पाडलेल्या पुष्कळ खुणा होत्या. सगळ्यांत वरच्या खुणेवर त्याने बोट ठेवलं. "माझी बायको गेली त्या साली पाणी इथवर आलं होतं. तेव्हा मीही फळी ठोकून बसलो. बांध फुटला. दोन वर्षं चिमूटभर मीठ निघालं नाही."

तिने हात उंच करून ती खूण चाचपली. लाकूड कोरडं होतं, उन्हाने तापलेलं.

मग ती तिथेच बांधावर बसली आणि मोठ्याने रडली. म्हातारा 'गप्प हो' म्हणाला नाही. शेजारी बसून राहिला.

रडू ओसरल्यावर तिने कोयता मागितला आणि पाण्याच्या रेषेवर आजची खूण पाडू लागली. लाकूड जुनं, चिवट, वेळ लागला. खूण पुरी झाली तेव्हा पाणी खुणेखाली दोन बोटं उतरलं होतं.